माईक दुरुस्त करणारा माणूस तीन दुकानांत वाटलेला आहे



या आठवड्याच्या व्हिडिओत मी एक जुना माईक टेबलावर ठेवून बोललो. दहा-बारा मिनिटांत सगळं सांगून होत नाही, म्हणून उरलेलं इथे सविस्तर लिहितोय. शिवाय एक कबुली द्यायची आहे. कॅमेऱ्यासमोर ती देण्याचं धाडस झालं नाही.

दोन वर्षांपूर्वी इंदापूरच्या बॅचमध्ये एक मुलगा होता. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक केलेला. स्टँडजवळ एका गाळ्याच्या कोपऱ्यात टेबल टाकून तो ॲम्प्लिफायर, भोंग्याची युनिटं, माईकच्या वायरी दुरुस्त करायचा. त्याने विचारलं, "सर, ह्यात पुढं काही आहे का?" मी फळ्यावर दोन मिनिटांत हिशोब मांडला आणि सांगितलं, "रिपेअरिंगला भविष्य नाही. लोक वापरतात आणि फेकून देतात. मोबाईल ॲक्सेसरीज टाक." त्याने ऐकलं. टेबल, सोल्डरिंग गन, सगळं विकलं.

मी चुकलो होतो. ते मला एका माईकमुळे कळलं.

तात्यांचा माईक

इंदापूर तालुक्यातल्या एका गावात एक तात्या आहेत. भोंगे भाड्याने द्यायचा त्यांचा जुना धंदा. लग्न, सप्ताह, निवडणुकीच्या सभा, कुस्तीचं मैदान, सगळीकडे तात्यांचे भोंगे. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवाडी, इंदापूर, सराटी करत पुढे जाते, त्या वाटेवर त्यांनी वर्षानुवर्षं लाउडस्पीकर लावलाय. आता वय झालं, धंदा मुलाकडे गेला आणि मुलाने सगळं सामान नवीन केलं. जुन्यातलं तात्यांनी काहीच ठेवलं नाही, एक ॲम्प्लिफायर आणि एक माईक सोडून.

माईक जड, चकचकीत, पुढे उभ्या पट्ट्यांची जाळी असलेला. जुन्या फोटोंत पुढाऱ्यांच्या आणि गायकांच्या तोंडासमोर दिसतो तसा. ही धाटणी मूळची अमेरिकेतल्या शुअर कंपनीची. त्यांचा युनिडाइन 55 हा माईक 1939 साली आला आणि पुढे जगभर त्याच्या नकला निघाल्या. तात्यांच्या माईकवरचं नाव घासून गेलंय, त्यामुळे तो अस्सल की नक्कल, हे सांगता येत नाही. तात्यांना त्याचं काही नाही. ते म्हणाले, "सर, ह्यो बोलता झाला पायजे. सप्ताहात काल्याचं कीर्तन ह्याच्यावर व्हावं, एवढंच."

मी म्हणालो, "त्यात काय तात्या, आठ दिवसांत करून आणतो." धंद्याचं शिकवणारा माणूस मी. माझ्या ओळखी किती!

बारामतीत पहिल्या दुकानात गेलो. दुकानदाराने माईक हातातही घेतला नाही. "सर, नवा घ्या. स्वस्तात मिळतो." दुसऱ्या दुकानात म्हणाले, "आतलं सगळं काढून नवीन टाकतो. बाहेरून तसाच दिसेल, कुणाला कळणार नाही." पुण्याला बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या भागात इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत. तिथे एकजण म्हणाला, "ठेवून जा, दोन महिन्यांनी फोन करा." मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एका ओळखीच्या माणसाला फोन केला. त्याने विचारलं, "मॉडेल नंबर काय?" नंबर असता तर अजून काय हवं होतं! आठ दिवसांचे पाच आठवडे झाले. सप्ताह तोंडावर आला.

शेवटी त्या मुलाला फोन केला. त्याचं ॲक्सेसरीजचं दुकान वर्षभरात बंद पडलं होतं. त्याच गल्लीत तसलीच चार दुकानं झाली होती. आता तो बारामती एमआयडीसीत एका कंपनीत कंत्राटावर होता. मला वाटलं, फोनवर दोन शब्द ऐकवेल. तो म्हणाला, "बघतो की सर. रविवारी घेऊन या."

एक माणूस नव्हे, तीन

रविवारी त्याने आधी टेबल पुसून त्यावर कोरा कागद अंथरला. म्हणाला, "माईकमध्ये लोहचुंबक असतो. टेबलावर लोखंडाचा कीस असेल तर तो आत ओढला जातो आणि मग आवाज कायमचा खरखरतो." मी ते पहिल्यांदाच ऐकत होतो. त्याने प्रत्येक स्क्रू काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढला. मल्टिमीटरने वायर तपासली, ती एका ठिकाणी तुटलेली होती. पण ती बाजूला ठेवूनही माईक मुकाच. मग आत गेला.

अशा माईकचं काम समजायला सोपं आहे. याला डायनॅमिक माईक म्हणतात. आत एक पातळ पडदा असतो, त्याला चिकटलेली तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी असते आणि ती चुंबकाच्या खाचेत बसलेली असते. आपण बोललो की पडदा हलतो, त्याबरोबर गुंडाळी हलते आणि तारेत थोडीशी वीज तयार होते. ती पुढे ॲम्प्लिफायर मोठी करतो. विहिरीवरच्या मोटरमध्ये वीज आत जाते आणि फिरणं बाहेर येतं. इथे हलणं आत जातं आणि वीज बाहेर येते.

तात्यांच्या माईकमध्ये गुंडाळीचं एक टोक तुटलं होतं. तार केसाएवढी. मुलगा म्हणाला, "सर, एवढं बारीक माझ्या एकट्याच्या हातचं नाही. पण घड्याळवाले काका करतील."

इंदापूरच्या पेठेतले एक घड्याळजी. डोळ्याला भिंग लावून चाळीसेक वर्षं बसलेले. हल्ली सेल बदलणं आणि पट्टा लावणं एवढंच काम येतं. त्यांनी चिमट्याने तारेचं टोक उचललं, पण ते टोक जोडायच्या जागेपर्यंत पोहोचेना. मग पोरगा दोन दुकानं सोडून मोटर रिवायंडिंगवाल्याकडे गेला आणि पंख्याच्या वायंडिंगमधल्या बारीक तारेचा वीतभर तुकडा घेऊन आला. रिवायंडिंगवाल्याने देतानाच सांगितलं, "वरचा लेप खरवडल्याशिवाय डाग धरणार नाही." घड्याळजींनी तार धरली, मुलाने डाग दिला. मल्टिमीटर लावताच माईकमधून बारीक 'टक' असा आवाज आला. तिघांनीही एकमेकांकडे बघितलं.

मित्रांनो, पाच आठवडे मी ज्या माणसाला बारामती, पुणे, मुंबईत शोधत होतो, तो इंदापूरच्या एका पेठेत तीन दुकानांत वाटलेला होता. घड्याळजीकडे हात होता. रिवायंडिंगवाल्याला तारेचं ज्ञान होतं. त्या मुलाला आवाजाची जाण होती आणि कोणतं काम कुणाच्या हातचं आहे हे माहीत होतं. धंदा कुणाचा असेल, तर तो या शेवटच्या माणसाचा आहे. त्यालाच मी कव्हर आणि चार्जर विकायला बसवलं होतं.

कारागीर संपले, असं म्हणणं सोपं असतं

आपल्याकडे सर्रास बोललं जातं, "आता कारागीर राहिले नाहीत." मला हे पटत नाही. आपल्या भागाकडेच बघा. नीरा आणि भीमेच्या पाण्यावर, उजनीच्या फुगवट्यावर उसाची शेती उभी आहे आणि ती पाण्याच्या मोटरवर चालते. म्हणून रिवायंडिंगचं दुकान प्रत्येक बाजारगावात आहे. लग्नसराई, पालखी, गणपती, नवरात्र यामुळे साउंडवाले आहेत, आणि भोंग्याच्या युनिटचा पडदा बदलणारे हातही आहेत. ही कौशल्यं जिवंत आहेत. पण त्यांच्यावर "जुना माईक दुरुस्त करून मिळेल" अशी पाटी नाही. दराचा कागद नाही. गिऱ्हाईकाशी बोलणारं कुणी नाही. त्यामुळे गिऱ्हाईक पुण्याला जातं आणि तिथून हात हलवत परत येतं.

आता तुम्ही म्हणाल, सर, जुने माईक असे असून असून किती असणार? बरोबर आहे. निव्वळ जुन्या माईकवर घर चालणार नाही, हे मी आधीच स्पष्ट सांगतो. एकदा चुकीचा सल्ला दिलाय, पुन्हा उलट्या बाजूने देणार नाही. रोजची भाकरी ॲम्प्लिफायर, भोंग्याची युनिटं, वायरींचे डाग, वायरलेस माईक यातूनच मिळेल. जुना माईक तुमची पाटी आहे. तात्यांचा माईक बोलायला लागला हे अख्ख्या गावाने ऐकलं. अशी जाहिरात पैसे देऊन मिळत नाही.

दुसरा प्रश्न येतो, "हा धंदा स्केल कसा होणार?" प्रत्येक धंदा मोठा झालाच पाहिजे, हे आम्ही ट्रेनर लोकांनीच तुमच्या डोक्यात भरवलंय. एका तालुक्यात एक विश्वासाचं दुकान, वर्षभर काम आणि डोक्यावर कर्ज नाही, हेसुद्धा यश आहे. ॲक्सेसरीजचं दुकान कुणीही टाकू शकतं, म्हणूनच गल्लीत चार झाली. या मुलाचं काम शिकायला वर्षं लागतात. शेजारी दुसरं दुकान पुढच्या महिन्यात उघडत नाही.

करणार असाल तर हे नीट ऐका

पहिली गोष्ट, दुरुस्ती आणि बदली यातला फरक गिऱ्हाईकाला सांगा. बारामतीतला दुकानदार म्हणाला होता, "आतलं नवीन टाकतो, कुणाला कळणार नाही." नवीन टाकणं हा गुन्हा नाही. कधीकधी तोच एक मार्ग असतो. न सांगता टाकणं ही मात्र फसवणूक आहे. तात्यांना माईकचं कवच नको होतं, आवाज हवा होता. म्हणून साधा नियम करा. माईक घेताना फोटो, कामाची चिठ्ठी, आणि काढलेला प्रत्येक जुना भाग पिशवीत घालून परत. या एका सवयीने तुम्ही इतरांपेक्षा वेगळे दिसाल.

दुसरी गोष्ट, काय करायचं नाही हे आधी शिका. रिबन नावाचे जुने माईक असतात, त्यात गुंडाळीऐवजी ॲल्युमिनियमची अतिशय पातळ पट्टी असते. त्यात 'फू फू' करून बघितलं तर पट्टी ताणते किंवा फाटते. मल्टिमीटरही त्याला लावू नका. हे काम स्वतः न करता जाणकाराकडे पाठवायचं. क्रिस्टल माईकमधला स्फटिक ओल आणि उष्णता यांनी खराब होतो. तो एकदा गेला की दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. गिऱ्हाईकाला "हे माझ्याच्यानं होणार नाही" असं म्हणता आलं पाहिजे. त्याने नाव जात नाही, उलट वाढतं.

तिसरी गोष्ट, नीट झालेला माईकही चुकीच्या ठिकाणी जोडला तर बिघडल्यासारखाच वाटतो. जुने बरेच माईक हाय इम्पीडन्सचे असतात. त्यांना लांब वायर लावली की आवाजातली धार जाते, आणि आजच्या मिक्सरला सरळ जोडले तर आवाज मरगळतो. आम्ही तात्यांच्याच जुन्या ॲम्प्लिफायरला आखूड वायरने जोडला. माईक परत देताना तो कशाला आणि कसा जोडायचा, हे लिहून द्या. नाहीतर गिऱ्हाईक चार दिवसांनी म्हणेल, "काम झालंच नाही."

चौथी गोष्ट, सुटे भाग. या माईकांच्या बऱ्याच कंपन्या बंद झाल्यात, किंवा ते मॉडेल कधीच बंद झालंय. केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं, कंपन्यांनी दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती द्यावी म्हणून. आजच्या वस्तूंसाठी ते चांगलंच आहे. आपल्या कामात मात्र खरा सप्लायर भंगारवाला. बंद पडलेला कुठलाही जुना माईक दिसला की घेऊन ठेवा. एकाची जाळी, एकाचा ट्रान्सफॉर्मर, एकाचं बटण कधीतरी कामाला येतंच.

पाचवी गोष्ट, पैसे. इथे आपली पोरं मार खातात. काम झाल्यावर तो मुलगा मला म्हणाला, "तात्यांकडून दीडशे घेऊ का सर?" मी त्याला कागद दिला आणि लिहायला लावलं. त्याचे पाच तास, तासाला 150 प्रमाणे 750. घड्याळजींचे 200. वायर, पिन, तार, जाळीमागचं नवीन कापड मिळून 350. एकूण 1,300. दीडशे रुपये घेतले असते तर तो खिशातले चारशे घालून बसला असता, स्वतःची मजुरी वेगळीच. नव्या माईकच्या किमतीशी तुलना करून दुरुस्तीचा दर लावू नका. तास मोजा. तपासणीचे पैसे वेगळे आणि आधी घ्या. अंदाज सांगा, गिऱ्हाईकाने हो म्हटल्यावरच माईक उघडा. आणि घड्याळजीचे पैसे त्याच दिवशी द्या. उधारीवर कुणी भिंग डोळ्याला लावत नाही.

सहावी गोष्ट, दिवस बघून काम घ्या. लग्नसराईत आणि गणपतीच्या तोंडावर साउंडवाल्यांना सगळं आजच्या आज हवं असतं, तेव्हा जुन्या माईकला हात लावू नका. पितृपक्षात आणि पौषात साउंडवाले निवांत असतात. नाजूक काम तेव्हासाठी राखून ठेवा आणि गिऱ्हाईकाला तशीच तारीख द्या. "दोन महिन्यांनी फोन करा" आणि "पौषात अमुक तारखेला माईक मिळेल" यात वेळ तेवढाच जातो, पण दुसऱ्यात गिऱ्हाईक टिकतं.

भांडवलाचं म्हणाल, तर सुरुवातीला कर्ज काढू नका. मुद्रा योजनेच्या शिशु गटात 50,000 पर्यंत कर्ज मिळतं, उद्यम नोंदणी फुकट होते, हे खरं. पण चांगला मल्टिमीटर, तापमान कमी-जास्त करता येणारा सोल्डर, भिंग, पितळी चिमटे आणि लोखंडाच्या किसापासून लांब असलेलं एक लाकडी टेबल, एवढ्यावर काम सुरू होतं. नोकरी असेल तर ती न सोडता, रविवारी.

गिऱ्हाईक शोधायला आधी भजनी मंडळं, मंदिरं, जुन्या शाळा, ग्रामपंचायती आणि जुने मंडपवाले यांच्याकडे जा. यांच्या माळ्यावर काय काय पडलंय ते त्यांनाही माहीत नसतं. बारामतीत वसुंधरा वाहिनीसारखं सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. आवाजाचं काम करणाऱ्या अशा लोकांशी ओळख ठेवा. गिऱ्हाईक म्हणून नसेल तर कानाची पारख म्हणून.

काल्याच्या दिवशी

सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी आम्ही माईक घेऊन गेलो. तात्यांनी तो स्वतः स्टँडला लावला, जुना ॲम्प्लिफायर सुरू केला, थोडा वेळ गरम होऊ दिला. मग जवळ जाऊन म्हणाले, "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन." देवळातल्या बायका हसल्या. तात्या कान देऊन ऐकत होते. म्हणाले, "आवाज जरा दबलाय. पण ह्योच हाय." खोटं कौतुक त्यांनी केलं नाही, हे मला आवडलं. मुलाच्या हातावर त्यांनी पंधराशे ठेवले. तो दोनशे परत द्यायला लागला तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तुज्या पाटीला घाल."

पाटी अजून झालेली नाही. तो मुलगा आजही एमआयडीसीत जातो आणि रविवारी घड्याळजींच्या दुकानाच्या कडेला टेबल टाकतो. यातून किती मिळतं, हे वर्षभराने सांगेन, तेही त्याने वहीत लिहिलेल्या आकड्यांवरून, माझ्या फळ्यावरच्या हिशोबावरून नाही. त्या वेळच्या बॅचची फी मी त्याला परत केली. नको नको म्हणत होता. पण सल्ल्याचे पैसे घेतो, तर चुकलेल्या सल्ल्याची भरपाईही द्यायला हवी.

तुमच्यासाठी या आठवड्याचं काम: आपल्या गावच्या पेठेतून एक चक्कर मारा आणि वहीत तीन नावं लिहा. बारीक हाताचं काम करणारा एक, तारेचं काम करणारा एक, आणि आवाजाची जाण असलेला एक. मग त्यांना विचारा, "तुमच्याकडे येऊन कोणतं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जातं?" माझ्या अंदाजाने तुमचा धंदा त्या उत्तरात असेल. जुना माईक असेल, शिलाई मशीन असेल, नाहीतर हार्मोनियम. विचारून तर बघा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.